पेडिक्युअरला जा, पण आधी टब बघा

बहिणीच्या लग्नाआधी पेडिक्युअर करायचंय, पण मागे मैत्रिणीला नखुरडं झालं म्हणून धास्ती वाटते. महागड्या सलूनमध्ये गेलं तर काळजी मिटेल का, असा तुमचा प्रश्न. बरीच वर्षं पार्लर चालवलं, आता मुलींना शिकवते. दरपत्रक बघून स्वच्छतेचा अंदाज बांधू नका, एवढं खात्रीने सांगते. उलट पाण्याचे फवारे सोडणाऱ्या त्या झकपक खुर्चीपेक्षा मला साधा प्लॅस्टिकचा टब बरा वाटतो. घासला, जंतुनाशक लावलं, धुतला, उपडा घातला, संपलं.

2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविल इथे एकाच नेल सलूनच्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या गुडघ्याखाली गळवं उठली. फवाऱ्याच्या टबांमध्ये पाणी आत खेचणारी जाळी असते. ती काढून पाहिली तर मागे केसांचा आणि त्वचेच्या कणांचा गाळ साचलेला, आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण राहतो माती-पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातसुद्धा. टब वरून लख्ख दिसत असेल, जाळीमागे कोण बघतो? गळवं बरी व्हायला कित्येकींना महिने लागले, डाग राहिले ते वेगळेच.

त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की ज्यांनी आधी पायांवरून रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. आपल्याकडे लग्नाच्या पॅकेजमध्ये वॅक्सिंग आणि पेडिक्युअर एकाच दिवशी उरकतात, तेही वॅक्सिंग आधी. म्हणजे पाय सोलवटलेले आणि लगेच पाण्यात! दोन्हींत दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि पेडिक्युअर आधी घ्या.

आता हत्यारं. निळा दिवा लावलेली पेटी दाखवून ‘मॅडम, सगळं स्टरलाइज्ड आहे’ म्हणतात, त्यावर जाऊ नका. स्वच्छ हत्यार ठेवायला ती ठीक, पण निपरच्या, म्हणजे नखाभोवतीची कातडी कापायच्या चिमट्याच्या, सांध्यात अडकलेली कातडी त्या उजेडाने निघत नाही. आधी साबण-ब्रशने घासायचं, मग पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये: 121 अंशांची दाबाखालची वाफ, पंधरा-वीस मिनिटं. पाकिटावरची खूण रंग बदलते. ते पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. तोंड वाकडं केलं तर उठून या. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभरही तग धरतो, म्हणून एवढी कटकट. लस घेतली नसेल तर घेऊन टाका.

फाइल, बफर (नखं चमकवायची पट्टी), लाकडी काडी, प्यूमिसचा दगड हे नीट निर्जंतुक होतच नाही. स्वतःचं न्या. घरची वज्री नेलीत तरी कोणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू दे.

आणि क्युटिकल कापू देऊ नका. नखाच्या मुळाशी ती कातडी दार लावून बसलेली असते. ती कापली की नखुरड्याला वाट मोकळी. ‘फक्त मागे सारा’ असं बसतानाच सांगा, मध्येच सांगून उपयोग नाही, तोवर निपर चाललेला असतो. आईलाही नेणार असाल आणि तिला शुगर असेल, तर टाचेला ब्लेड अजिबात नको. बधिर पायाला कापलेलं कळत नाही.

नेल एक्सटेन्शन, म्हणजे वरून चिकटवलेली खोटी नखं, करणार असाल तर एकच बघा: कडा सुटली की ते काढून घ्या, वरून डिंक लावून दाबू नका. आत ओल राहिली की नख हिरवं पडतं.

मैत्रिणीचं नखुरडं अजून ठणकत असेल तर लिंबात बोट खुपसून बसण्यापेक्षा कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा धरा. पू दिसला किंवा लाली पसरली तर डॉक्टर गाठा. पेडिक्युअरनंतर काही आठवड्यांनी नडगीवर गळू उठलं, तर डॉक्टरांना पेडिक्युअरचं आवर्जून सांगा. वॉटसनविलच्या त्या जंतूवर नेहमीची औषधं बहुधा चालत नाहीत, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय ते त्याची तपासणी कशाला करतील?