चिखलात पाय रुतून गुडघा मुरगळला, तर चोळून घ्यावं की एक्स-रे काढावा?

तुमचा प्रश्न असा: बाबांचं वय 52, पाऊस पडल्यावर वावरातून येताना पाय चिखलात रुतला, अंग वळलं आणि गुडघा सुजला. शेजारच्या गावात चोळून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे न्यावं की सरळ एक्स-रे काढावा? मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट आहे. डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीच्या, दिवसांत असे गुडघे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यात आधी एकच विनंती, आत्ता चोळू नका.

आपली काळी माती ओली झाली की पाऊल धरून ठेवते. पाऊल जागेवर आणि अंग दुसरीकडे, असं झालं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात, दोन बाजूंना आणि दोन आत. त्यातला एखादा ताणला किंवा फाटला की गुडघा मुरगळला म्हणायचं. लोकांना वाटतं शीर चढली, आणि ती उतरवायला जोर लावून चोळतात. पण आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं किंवा गरम विटेनं शेकलं की सूज आणखी वाढते. पाय ओढून गुडघा 'बसवणं' तर अजिबात नको. हाडाला चीर असेल तर ती सरकू शकते.

किती दुखतंय यापेक्षा सूज कधी आली, हे मी आधी विचारते. तासा-दोन तासांत गुडघा फुगला असेल तर आत रक्त साठलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बहुतेकदा आतला पुढचा अस्थिबंध, म्हणजे डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात तो, तुटलेला असतो. कधी हाडही मोडलेलं असतं. सूज रात्रीतून हळूहळू आली असेल तर बाजूचा अस्थिबंध ताणलेला किंवा सांध्यातली गादी दुखावलेली असू शकते. बाबांना शांतपणे विचारा. पडताना आत 'कट्' असा आवाज आला का? वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो का? अर्धवट वाकून अडकतो, सरळच होत नाही, असं होतं का? यातलं एकही 'हो' आलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

एक्स-रे कधी काढायचा याचे ठोकताळे ठरलेले आहेत. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखत असेल, किंवा बाहेरच्या बाजूला गुडघ्याच्या जरा खाली हाडाचा जो उंचवटा लागतो तो दुखत असेल, तर काढा. यातलं एकही पुरे. वय 55 किंवा जास्त असेल तर तसाही काढतात. पण एक्स-रेत हाडं दिसतात, अस्थिबंध दिसत नाही. 'फोटो चांगला आला, काही नाही झालं' असं म्हणत माणूस एक सुई टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी डवऱ्यामागे चालायला लागतो. मला खरी काळजी या माणसांची वाटते. गुडघा जितक्यांदा निसटतो, तितक्यांदा आतली गादी घासली जाते, आणि ती सहजासहजी भरून येत नाही. सूज उतरल्यावर, साधारण आठ-दहा दिवसांनी, पुन्हा तपासून घ्या. एमआरआय लागेल की नाही, ते तेव्हा कळतं.

पाऊल गार किंवा बधिर पडलं, किंवा गुडघा वाकडा दिसायला लागला, तर 108 ला फोन करा, थांबू नका. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

घरी काय करायचं? बर्फ किराणा दुकानात किंवा मासळीवाल्याकडे मिळतो. तो दुपट्ट्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बेताचं आवळा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. बाजेवर झोपवून पायाखाली गोदडीची घडी द्या, पाय छातीपेक्षा वर राहायला हवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर ब्रुफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत, ताप असेल तर त्या नकोतच.

दुखणं सोसवेल इतपत आलं, बहुतेकदा दोन-तीन दिवसांत, की व्यायाम सुरू करा. तो सगळेच टाळतात. दुपट्ट्याची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा पुढचा स्नायू आठवड्याभरातच बारीक व्हायला लागतो. गुडघ्याला खरा आधार त्याचाच असतो, पट्ट्याचा नव्हे.

नुसता ताणलेला अस्थिबंध दोन-तीन आठवड्यांत सावरतो, अर्धवट फाटलेल्याला महिना-दीड महिना लागतो. बाजूच्या दोनपैकी दुसऱ्या पायाकडचा पूर्ण फाटला तरी बहुधा पट्टा आणि व्यायामावर भरतो. एसीएलचं ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही; व्यायाम करूनही गुडघा निसटत राहिला तर ते ठरवतात. तेव्हा सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, आणि ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि संडासला उकिडवं बसू देऊ नका. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची तालुक्यात मिळते, ती आजच आणा. निंदणासाठी खाली बसणं आणि धुऱ्यावरून उडी मारणं, या दोन गोष्टी गुडघा पूर्ण वाकून पूर्ण सरळ होईपर्यंत बंद.