पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकवर पहिली शर्यत: फेऱ्या वाचवा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोटरसायकलच्या नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या, गटातल्या पहिल्या शर्यतीसाठी पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी चालवत न्यावी का, निघण्याआधी तयारी काय करावी, आणि किती लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) आला म्हणजे बरा म्हणायचा. माझ्या दृष्टीने तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं. त्या दोन-तीन दिवसांत ट्रॅकवर तुम्हाला मोजक्याच फेऱ्या मिळणार आहेत. त्यातली एकही वाया जाऊ देऊ नका.

गाडी चालवत नेऊ नका. मोह होतो, कारण ट्रॅक आपल्याच हायवेवर आहे. कात्रज बायपासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरच्या थोडं पुढे थेट तिथे पोचतो. पण अंतर अकराशे किलोमीटरच्या वर आहे. एवढं चालवल्यावर मनगटं आणि मान शुक्रवारच्या सरावाच्या पहिल्या सेशनलाच साथ सोडतात. शिवाय ट्रॅकवर आरसे, इंडिकेटर, स्टँड काढलेली गाडी लागते, आणि रविवारी पडलात तर परत कशी आणणार? दोन-तीन जणांनी मिळून भाड्याने पिकअप टेम्पो करा. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि गाडी तुमच्याच दिवशी पोचेल याचा भरवसा नसतो. मी पिकअपच निवडतो. गुरुवारी दुपारपर्यंत पोचा. रात्रभर जागून शुक्रवारी पहाटे उतरणारे पहिलं सेशन झोपेतच चालवतात.

खरी तयारी पुण्यातच संपवायची असते. स्क्रूटिनीत, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या गाडीच्या तपासणीत, अडकलात की सेशन गेलं, आणि अडकतात ती कामं छोटीच असतात. ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टर, ऑइल भरायचं झाकण यांना लॉक वायर, म्हणजे ते सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, हवी. बोल्टच्या डोक्याला भोक पाडायचं काम घरी, शांतपणे, बेंच ड्रिलवर करा. पॅडॉकमध्ये (ट्रॅकवरच्या गाड्यांच्या तळावर) हँड ड्रिलने घाईत केलं की बिट तुटून आत बसतो. वायर बोल्टला घट्ट करण्याच्या दिशेने ओढणारी असावी. उलटी बांधली तर तिचा उपयोग शून्य. लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर कूलंट पूर्ण काढून साधं पाणी भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की निसरडं होतं आणि लवकर वाळत नाही. ते मागून येणाऱ्याला पाडतं, म्हणून या नियमाकडे मी कधीच कटकट म्हणून बघत नाही. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं (FMSCI) शर्यतीचं लायसन्स, त्यासाठी लागणारा रेसिंग स्कूलचा दाखला, मेडिकल फॉर्म हेही महिनाभर आधी उरका.

स्पेअरमध्ये पडल्यावर आधी मोडतात त्या वस्तू घ्या: दोन्ही लिव्हर, गिअर लिव्हर, फूटपेग, हँडल, थ्रॉटल केबल. चेन्नईत जी. पी. रोडवर सगळं मिळतं, पण ट्रॅकवरून तिथे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि रविवारी दुकानं बंद. पडलेली गाडी पुन्हा तपासून घेतल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. हेल्मेट आपटलं असेल तर तेही नाकारू शकतात. मित्राचं, तुमच्या मापाचं एक जास्तीचं हेल्मेट सोबत असू द्या.

आता ट्रॅक. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर त्यांच्या शर्यती होत. १९९० मध्ये त्यांनी हा स्वतःचा ट्रॅक सुरू केला. लांबी ३.७१७ किलोमीटर, बारा कॉर्नर. सगळे सी-वन, सी-टू असंच म्हणतात. परवानगी मिळाली तर गुरुवारी संध्याकाळी पूर्ण फेरी पायी मारा. डांबराचे जोड, ठिगळं, कर्बची (कॉर्नरच्या कडेच्या पट्ट्यांची) उंची गाडीवरून दिसत नाही. ब्रेक कुठे लावायचा याची खूण ठरवताना बोर्ड, मार्शलचं (ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या, मदतीला येणाऱ्या माणसांचं) ठाणं, डांबरातलं ठिगळ असं काहीतरी हलणार नाही ते धरा. सावली धरू नका. सकाळची खूण दुपारी तिथे नसते.

शुक्रवारी घड्याळ बघू नका. एका सेशनला दोनच कॉर्नर घ्या आणि तेच सुधारा. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्या आल्या गरम टायरची हवा मोजून वहीत लिहा, कारण सकाळी सातला बरोबर असलेली हवा तिथल्या दुपारी दोनच्या डांबरावर जास्त होते. क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या सेशनला, घोळक्यातून बाहेर पडा, पुढे मोकळी जागा सोडा आणि एक स्वच्छ लॅप काढा. ग्रिड, म्हणजे सुटतानाचा क्रम, त्यावरच लागतो.

शर्यतीत नोव्हिस गटाची सगळ्यात जास्त पडापड पहिल्या कॉर्नरला होते. आपली लाइन धरा, मागे वळून बघू नका. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक नाही. लाल दिसला की हात वर करून वेग कमी करा आणि पिटमध्ये या. पडलात तर घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठू नका, मग येणाऱ्या गाड्या बघून मार्शलकडे जा. गाडीकडे धावू नका, ती मार्शल उचलतात.

उन्हाबद्दल कळकळीने सांगतो. लेदर सूटमध्ये त्या दमट हवेत अंगातलं पाणी भराभर जातं, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. गुरुवारपासूनच मीठ-साखरेचं पाणी सुरू करा. सेशन संपलं की सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसा. दुपारी इडली किंवा दहीभात, थोडाच. ऑक्टोबरनंतरची तारीख असेल तर आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, तेव्हा तिथला सुरू होतो. रेनकोट आणि ताडपत्री न्या.

राहिला लॅप टाइम. दुसऱ्यांच्या टाइमशी तुलना आता नको. शर्यतीनंतर मिळणाऱ्या टायमिंग शीटवर पहिली फेरी सोडून तुमची सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरी बघा. फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर पहिल्या वेळेला मी त्याला उत्तम म्हणेन, मग नंबर शेवटचा का असेना. फरक मोठा असेल तर तो कोणत्या फेरीपासून वाढला ते बघा. शेवटच्या फेऱ्यांत वाढला असेल तर दम आणि पाणी कमी पडलं. मध्येच कुठेतरी उसळला असेल तर ट्रॅफिक किंवा चुकलेला ब्रेक. ते शीट इथे टाका, आपण फेरी-फेरी बघू. आणि रविवारी रात्री लगेच पुण्याला निघू नका, सोमवारी सकाळी निघा.