तिशीतल्या माणसाने बालपणाच्या आठवणीसाठी कोणती ॲनिमे शीर्षकगीते ऐकावीत, आणि ती मूळ जपानीतच ऐकली पाहिजेत का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवले नाही म्हणून लिहितो आहे, कारण जवळजवळ याच शब्दांत माझ्या आतेभावाने दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मला गप्प केले होते. त्यामुळे आधी त्याच भागाचे उत्तर देतो: नाही. बालपण आठवावे म्हणून ऐकायचे असेल, तर त्या वयात जे गाणे कानावर पडले तेच ऐकावे, मग ते कोणत्याही भाषेतले असो.

घडले ते असे. पुण्याला आत्याकडे फराळ चालला होता आणि आतेभावाने स्पीकरवर नव्वदच्या दशकातील ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या, गाण्यांची यादी लावली होती. त्यात 'इव्हॅन्गेलियन'चे १९९५ सालचे शीर्षकगीत लागले. योको ताकाहाशी यांनी ते असे गायले आहे की एकही जपानी शब्द न कळणारा माणूससुद्धा हातातले काम थांबवतो, याविषयी माझे दुमत नाही. आतेभाऊ डोळे मिटून म्हणाला, "हे लागलं ना, की लहानपण आठवतं." मी सहज विचारले, "तू हे पहिल्यांदा कधी ऐकलंस?" बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर उत्तर आले की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर, कोणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. म्हणजे २००८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मी म्हणालो की ही होस्टेलची आठवण झाली, लहानपणाची नव्हे. लहानपणाचे म्हणशील तर आपले ॲनिमे गीत एकच, 'जंगल जंगल बात चली है'. त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ते ॲनिमेचं गाणं नाहीच. ते दूरदर्शनचं गाणं. खरं ऐकायचं तर मूळ जपानी ऐकावं." सगळे हसले, आणि मी चकली मोडत बसलो. तेव्हा सुचले नाही ते आता लिहितो.

हे गाणे ज्या मालिकेचे, ती मोगलीची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने काढली, फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केली आणि १९८९-९० मध्ये ती टीव्ही तोक्योवर ५२ भागांत दाखवली गेली. याला ॲनिमे म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे? १९९३ मध्ये ती हिंदीतून दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागू लागली तेव्हा तिचे जपानी शीर्षकगीत बाजूला ठेवून गुलजार यांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि अमोल सहदेव यांचा कोवळा आवाज असे नवे गाणे केले गेले. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि त्या आवाजाची आमच्या घरात एवढी दहशत होती की शेरखान पडद्यावर आला की मी बाबांच्या लुंगीचे टोक धरून ठेवत असे.

आम्ही भंडाऱ्याचे. मोगलीच्या मूळ कथा लिहिणाऱ्या किपलिंगने त्याचे रान मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत ठेवले आणि त्या कथांत वैनगंगा नदी नावानिशी येते. तीच नदी सिवनीकडून बालाघाट, गोंदिया करत आमच्या भंडाऱ्याजवळून वाहते. सात वर्षांच्या मुलाला हे कळल्यावर त्याचे काय होईल, याची कल्पना करा. एका इंग्रज लेखकाची गोष्ट जपानी चित्रकारांनी काढली, ती हिंदीतून बोलू लागली आणि शेवटी आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला येऊन ठेपली. ते गाणे माझे नव्हे, असे मला कोणी पुण्यात बसून सांगू नये.

शीर्षकगीत बदलणे ही काही दूरदर्शनची लबाडी नव्हती. इटलीत कितीतरी ॲनिमे मालिकांची इटालियन शीर्षकगीते क्रिस्तीना दावेना यांनी गायली, आणि तिथल्या एका पिढीला ॲनिमे म्हटले की जपानी गायकांआधी त्यांचाच आवाज आठवतो. पोकेमॉनचे मूळ १९९७ चे गीत रिका मात्सुमोतो यांचे, म्हणजे नायकाला आवाज देणाऱ्या बाईंचेच. पण आपल्याकडे पोकेमॉन अमेरिकेमार्गे आला, त्यामुळे आपल्या पोरांच्या कानात बसली ती अमेरिकेत बांधलेली चाल. उलट उदाहरणही आहे. फिलिपिन्समध्ये १९७८ साली 'व्होल्टेस फाइव्ह' दाखवताना संवाद इंग्रजी केले, पण मित्सुको होरीए यांचे जपानी गीत तसेच ठेवले. पुढच्या वर्षी मार्कोस सरकारने मालिकेवर बंदी घातली, तरी ते गाणे पोरांना अर्थ न कळता पाठ झालेलेच होते. त्यांनी ते जपानीतच ऐकावे, कारण त्यांचे बालपण त्या गाण्यात आहे.

आता तुमच्या पहिल्या भागाकडे येतो. जपानमधल्या तिशीतल्या माणसाची गाणी पाहायची असतील तर १९९७ ते २००० या काळात पाहा: वर सांगितलेले पोकेमॉनचे गीत, 'वन पीस'चे १९९९ मधले हिरोशी कितादानी यांचे 'वी आर!', आणि त्याच वर्षीचे 'डिजिमॉन'चे कोजी वादा यांचे 'बटर-फ्लाय'. 'ड्रॅगन बॉल झी'चे हिरोनोबु कागेयामा यांनी गायलेले गीत १९८९ चे आणि 'सेलर मून'चे १९९२ चे, म्हणजे ती चाळिशीकडे झुकलेल्यांची. तुमचा जन्म १९९० नंतरचा आणि इथलाच असेल, तर खोटा मान न ठेवता पोकेमॉन, बेब्लेड आणि डोरेमॉनची हिंदी गाणी लावा. लाज कसली?

आणखी एक सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. पूर्ण लांबीचे गाणे लावू नका. जपानी मालिकांचे शीर्षकगीत साधारण दीड मिनिटाचे असते आणि बाजारात आलेले पूर्ण गाणे चार-चार मिनिटांचे. आठवण त्या दीड मिनिटाची असते. दुसरे कडवे सुरू झाले की आपण परक्या घरात शिरल्यासारखे अवघडतो. 'टीव्ही साइज' असे लिहून शोधावे. या गाण्यांचे पहिले दोन-चार सूर म्हणजे अंगणात खेळणाऱ्या पोराला घरात ओढणारी हाक असते.

न्यायाने बोलायचे तर दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. ज्यांच्या घरी २००४ नंतर फक्त ॲनिमेला वाहिलेली ॲनिमॅक्स वाहिनी दिसत होती त्यांचा कान माझ्याहून वेगळा घडला असेल, तेव्हा त्यांना माझे म्हणणे लागू नाही. दुसरे म्हणजे 'बटर-फ्लाय' मी स्वतः सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकले, आणि २०१६ मध्ये कोजी वादा गेल्याची बातमी वाचली त्या संध्याकाळी ते सात-आठ वेळा लावले. मात्र त्याला मी लहानपण म्हणत नाही, आणि आतेभावाशी माझे भांडण आहे ते एवढ्यापुरतेच.

त्याच्याविरुद्धचा पुरावा माझ्याजवळ आहे. १९९३ च्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती तेव्हा मी टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे धरून हे गाणे भरून घेतले होते, तेही बाबांच्या अभंगांच्या कॅसेटवर, ज्याबद्दल पुढे मार खाल्ला. प्ले आणि रेकॉर्डची बटणे एकदम दाबायला उशीर झाल्याने पहिला 'जंगल' अर्धाच आला आहे. मध्ये कुकरची शिट्टी आहे, शेवटी अभंगाची ओळ मधूनच सुरू होते, आणि अगदी आरंभी सहा वर्षांचा एक पोरगा बेंबीच्या देठापासून ओरडतो, "दादा, लागलं, लागलं!" गेल्या महिन्यात मी ती कॅसेट मोबाईलवर उतरवून आतेभावाला पाठवली. त्याने दोनदा ऐकली, हे त्याच्या बायकोकडून कळले. मला मात्र त्याने एवढेच लिहून पाठवले, "तो मी नव्हेच."