मराठी बायबलातले 'अनुवाद' हे पुस्तक कशाचे भाषांतर आहे?

प्रश्न असा आला आहे : "ओळखीच्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी) कुटुंबात शनिवारच्या तोरावाचनाचा विषय निघाला. या आठवड्यात 'देवारीम' आहे, असे ते म्हणाले. घरी येऊन मराठी बायबल उघडले, तर त्या पुस्तकाचे नाव 'अनुवाद'. मूळ हिब्रू ग्रंथाला अनुवाद कसे म्हणायचे? तो कशाचा अनुवाद? शिवाय त्यात आधीच्याच पुस्तकांतला बराच मजकूर पुन्हा आलेला दिसतो. तोच मजकूर दरवर्षी वाचून भाविकाच्या हाती काय लागते?"

आधी सरळ उत्तर देतो. ते पुस्तक कशाचेही भाषांतर नाही. इथला 'अनुवाद' आजच्या अर्थाचा नसून जुन्या, संस्कृतातल्या अर्थाचा आहे. अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणे. एकदा सांगितलेले पुन्हा सांगणे म्हणजे अनुवाद. पाणिनीच्या सूत्रांतही हा शब्द याच अर्थाने येतो. जुन्या मराठीत 'अनुवादणे' असे क्रियापद होते, त्याचा अर्थ बोलणे, सांगणे. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेण्याला पूर्वी भाषांतर किंवा तर्जुमा म्हणत. 'अनुवाद' त्या अर्थाने पुढे इतका रुळला की मूळ अर्थ झाकला गेला, आणि त्यामुळे बायबलातले हे नाव आज वाचकाला बुचकळ्यात टाकते.

तोरा म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, बायबलातली पहिली पाच पुस्तके. त्यांची मराठी नावे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. पाचव्या पुस्तकात मोशे, म्हणजे इस्राएल लोकांना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून बाहेर काढणारा नेता, यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबाच्या प्रदेशात लोकांसमोर उभा राहून चाळीस वर्षांचा प्रवास आणि त्या प्रवासात मिळालेली शिकवण पुन्हा सांगतो. यहुदी परंपरेत या पुस्तकाला 'मिश्ने तोरा' असेही म्हणतात. हे शब्द त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात येतात. राजाने गादीवर बसल्यावर या शिकवणीची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, अशी तिथे आज्ञा आहे. 'मिश्ने' म्हणजे दुसरी प्रत, दुसऱ्यांदा केलेली गोष्ट. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा अर्थ 'दुसरे नियमशास्त्र' असा लावला आणि युरोपीय भाषांतले नाव त्यातून आले. आपल्या शेजारच्या भाषांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. गुजरातीत 'पुनर्नियम', बंगालीत 'द्वितीय विवरण', हिंदीत 'व्यवस्थाविवरण', मल्याळममध्ये 'आवर्तनपुस्तकम्'. या सगळ्यांत मला मराठी नाव सर्वांत नेमके वाटते, आणि त्याचे कारण न्याय या भारतीय तर्कदर्शनात आहे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदवाक्यांची चर्चा चालू असताना अनुवादाची व्याख्या येते : 'विधिविहितस्यानुवचनमनुवादः'. जे आधी विधीने सांगून झाले, त्याचे मागून पुन्हा बोलणे म्हणजे अनुवाद. त्यावर लगेच आक्षेप येतो : मग अनुवादात आणि पुनरुक्तीत फरक काय? दोन्हीकडे तेच शब्द पुन्हा आले, म्हणजे दोन्ही दोषच. सूत्रकार उत्तर देतो : 'शीघ्रतरगमनोपदेशवत्'. एखाद्याला 'चल, चल' म्हटले तर दुसरा 'चल' वाया जात नाही. लवकर चल, हा अर्थ त्या दुसऱ्या शब्दातूनच येतो. पुनरुक्ती निष्फळ असते, अनुवादाला प्रयोजन असते. हा भेद मनात ठेवून पाचवे पुस्तक वाचले की तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाची किल्ली हाती येते.

वाचनाची पद्धत थोडक्यात सांगतो. तोराचे 54 भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात, आणि वर्षभरात सगळे भाग पुरे होतात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सकाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून त्या आठवड्याचा पाराशा वाचतात. त्यासाठी सात जणांना क्रमाने बोलावतात. सिम्हाथ तोरा या सणाच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि तिथेच उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा सुरू करतात. पाराशाचे नाव त्याच्या सुरुवातीच्या एखाद्या महत्त्वाच्या शब्दावरून पडते. पाचवे पुस्तक 'एले हा-देवारीम', म्हणजे 'ही ती वचने', असे सुरू होते, म्हणून पुस्तकाचे आणि त्याच्या पहिल्या पाराशाचे नाव एकच. (देवारीमचे एकवचन 'दावार'. त्याचा अर्थ शब्द असाही होतो आणि वस्तू असाही. आपली 'गोष्ट' याच जातीची : ती सांगताही येते आणि हातात धरताही येते.)

आता हा पाराशा शिकवतो काय, ते पाहू. दुसऱ्याच ओळीत एक माहिती येते : होरेबपासून (जिथे आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वतापासून) कादेश-बर्ण्यापर्यंतची, म्हणजे देवाने देऊ केलेल्या देशाच्या सीमेपर्यंतची, वाट अकरा दिवसांची. पुढच्या ओळीत तारीख येते : चाळिसाव्या वर्षाच्या अकराव्या महिन्याचा पहिला दिवस. अकरा दिवस आणि चाळीस वर्षे एवढी जवळ ठेवली आहेत, आणि त्यांवर भाष्य एका शब्दाचेही नाही. मधल्या काळात काय बिघडले, ते ऐकणाऱ्याने स्वतः मनात भरायचे.

मोशे बोलतो ते कोणासमोर, हेही महत्त्वाचे आहे. मिसरातून निघालेली प्रौढ पिढी रानातच संपली; कालेब आणि यहोशवा एवढेच त्यांतले उरले. समोर आहेत त्यांची मुले. कोणी तेव्हा लहान होते, कोणी वाटेत जन्मले. होरेबला जे घडले ते यांतल्या अनेकांनी पाहिलेलेही नाही. तरीही पुढच्या पाराशात, पाचव्या अध्यायात, मोशे म्हणतो की हा करार आपल्या पूर्वजांशी केलेला नाही, आज इथे जिवंत असलेल्या आपल्या सगळ्यांशी केला आहे. अनुवादाचे प्रयोजन ते हेच. वचन तेच असते, ऐकणारा नवा असतो, आणि नव्या ऐकणाऱ्यापाशी ते पहिल्यांदाच पोचते. सहाव्या अध्यायात 'आज मी तुला ज्या आज्ञा देतो' असे शब्द आहेत. त्यांतल्या 'आज' या शब्दावर प्राचीन भाष्य सांगते की ही वचने जुन्या फर्मानासारखी वाटू नयेत. नुकत्याच निघालेल्या, लोक धावत जाऊन वाचतात अशा फर्मानासारखी वाटावीत. दरवर्षी तेच वाचून काय मिळते, या प्रश्नाला भाविक हेच उत्तर देईल. गुंडाळी तीच असते, पण मागच्या वर्षी ऐकणारे आपण आणि या वर्षीचे आपण यांत अंतर पडलेले असते.

पुन्हा सांगताना शब्द तसेच राहतात, असेही नाही. गणना पुस्तकात तो देश पाहून यायला हेर पाठवायची आज्ञा देव देतो. इथे मोशे म्हणतो, तुम्ही सगळे माझ्याकडे येऊन माणसे पाठवू या म्हणालात, आणि मला ते पटले. निर्गमात न्यायाधीश नेमण्याची सूचना मोशेचा सासरा इथ्रो करतो. इथे त्याचे नावही नाही, ओझे एकट्याला पेलत नाही ही मोशेची व्यथा पुढे येते. दहा आज्ञांतही बदल आहे. निर्गमात शब्बाथची 'आठवण ठेव' म्हटले आहे आणि कारण दिले आहे सहा दिवसांच्या सृष्टीचे. इथे 'पाळ' म्हटले आहे, आणि कारण आहे मिसरातल्या गुलामीचे : तू दास होतास, म्हणून तुझ्या दासालाही विसावा मिळावा. मला या बदलात मोठी शिकवण दिसते. चाळीस वर्षे चालून आलेल्या लोकांना सृष्टीच्या आरंभाइतकीच स्वतःच्या दुःखाची आठवण जवळची होती, आणि तिचे वळण शेजारच्या माणसाच्या विसाव्याकडे लावून दिले आहे.

अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी पहिल्याच वचनापाशी थांबतो. तिथे नुसती गावांची नावे आहेत. राशी म्हणतो, ही नावे म्हणजे चुकांच्या खुणा आहेत. दी-झाहाव या नावात 'झाहाव' म्हणजे सोने, आणि त्यात लोकांनी रानात पूजलेल्या सोन्याच्या वासराची आठवण लपलेली आहे. मोशेने चुका उघड मोजल्या नाहीत, लोकांचा मान राखण्यासाठी त्या नावांच्या आडून सुचवल्या. ज्यांना रागावायचे त्यांची अब्रू सांभाळून रागवावे, हा धडा घरात आणि शाळेत रोज लागतो, आणि तो या नीरस दिसणाऱ्या यादीत दडलेला आहे.

आणखी एक जागा या पुस्तकाच्या मराठी नावाशी थेट जुळते. पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात मोशे ही शिकवण 'स्पष्ट करून सांगू लागला' असे आहे. राशी तिथे जुनी परंपरा नोंदवतो : त्याने ती सत्तर भाषांत समजावली. म्हणजे पुन्हा सांगणे आणि दुसऱ्या भाषेत सांगणे, हे 'अनुवाद' शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ या परंपरेने मोशेच्या तोंडी एकत्र आणले आहेत. प्राचीन सभास्थानांत तोरा वाचणाऱ्याशेजारी एक जण उभा राहून प्रत्येक वचन अरामी भाषेत सांगत असे. वाचणाऱ्याने त्याच्यासाठी एका वेळी एकच वचन वाचावे, असा मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहाचा दंडक आहे. आठवड्याचा पाराशा घरी दोनदा मुळातून आणि एकदा अरामी भाषांतरातून वाचावा, असे मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ तालमूद सांगतो.

ही परंपरा कोकणातल्या बेने इस्राएलांपर्यंत मराठीतून पोचली. 1832 साली मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. देवारीमशी या समाजाची एक खास गाठ आहे. हा पाराशा नेहमी तिशा बावच्या, म्हणजे आव महिन्याच्या नवमीच्या उपासाआधी येतो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या त्या दिवसाला कोकणात 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण तेव्हा वालाचे बिरडे करायची रीत होती. नाव चुलीवरून पडले आणि शोक जेरुसलेमचा, यात मला परकेपणा दिसत नाही. आपल्या जिभेवरच्या शब्दात श्रद्धा किती खोल उतरू शकते, तेच दिसते.

पुस्तकाचे नाव बदलून 'पुनर्कथन' वगैरे करावे का, असेही कोणी विचारील. माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. 'पुनर्कथन' नुसती कृती सांगते. 'अनुवाद' म्हटले की तिचे प्रयोजनही आले. हवी तर नव्या आवृत्तीत नावाखाली एक ओळ द्यावी.

वापराचे शेवटचे : संदर्भ देताना 'अनुवाद 6:4' असे लिहावे, वाक्यात घोळ होईल तिथे 'अनुवादाचे पुस्तक' म्हणावे. तुमचे स्नेही 'या आठवड्यात देवारीम' म्हणाले ते पाराशाला उद्देशून, म्हणजे पहिल्या अध्यायापासून तिसऱ्याच्या बाविसाव्या वचनापर्यंत. 'शेमा इस्राएल' ही त्यांची रोजची प्रार्थना त्यात सापडणार नाही; ती पुढच्या शनिवारच्या पाराशात, सहाव्या अध्यायात आहे.