वॉरंटीचे सात महिने उरलेत, पण मुदतीचा एकच

प्रश्न : २९ महिन्यांपूर्वी नवी पेट्रोल गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. सहाव्या महिन्यात गाडीत पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने पाच वेळा गाडी ठेवून घेतली आणि दर वेळी ‘आता ठीक आहे’ म्हणून परत दिली. शेवटी बाहेरच्या मेकॅनिककडून एक पाइप बदलून घेतला. वास कमी झाला, गेला नाही. बाहेर काम केल्याने वॉरंटी रद्द झाली, असं आता कंपनी म्हणते. वॉरंटीचे सात महिने बाकी आहेत, तोवर वाट पाहू की तक्रार करू?

उत्तर : वाट पाहू नका. तुमच्या हातात सात महिने नाहीत, जेमतेम एक आहे.

अशी पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांची चूक तीच असते. वॉरंटी चालू आहे म्हणजे तक्रारीची मुदतही चालू आहे, असं लोक धरून चालतात. या दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या बाबतीत ते कारण कधी घडलं? कंपनीचा वकील पहिलं जॉब कार्ड, म्हणजे गाडी ठेवून घेताना सेंटरने तक्रार नोंदवलेला कागद, पुढे करील आणि म्हणेल, दोष त्याच दिवशी कळला होता. त्या दिवसाला २३ महिने होऊन गेले.

दोष दुरुस्त झालाच नाही आणि सेंटर दर वेळी नव्याने भरवसा देत राहिलं, म्हणून मुदत शेवटच्या भेटीपासून मोजा, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. तो कधी मान्य होतो, कधी होत नाही. त्याच कलमात उशीर माफ करण्याची सोयही आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ते पटलं तर आयोगाला तशी नोंद करावी लागते. महिना हातात असताना या दोन्हींच्या भरवशावर राहायचं कशाला? आणखी एक. नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं सक्तीचं नाही आणि नोटीस दिल्याने मुदत थांबत नाही. ‘पत्रव्यवहार चालू होता’ म्हणत मुदत घालवलेली माणसं मी फार पाहिली आहेत.

आता जॉब कार्डं. तुम्ही पाठवलेल्या पाचपैकी तिघांवर ‘पेट्रोलचा वास’ असं लिहिलंय, दोघांवर नुसतं ‘जनरल चेकअप’. सही करण्याआधी ते वाचायला एक मिनिट लागलं असतं! त्या दोन भेटी वासासाठीच होत्या, हे आता प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागेल आणि समोरची बाजू ते नाकारील. आजच सेंटरला ईमेल करा. पाचही भेटींच्या तारखा, तुम्ही तोंडी काय सांगितलंत आणि त्यांनी काय केलं, सगळं त्यात येऊ द्या.

बाहेरच्या कामामुळे वॉरंटी रद्द झाली, या म्हणण्याला लगेच घाबरू नका. वॉरंटीचं ते कलम शब्दाशब्दाने वाचा. बाहेरच्या दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान वगळणं आणि सगळी वॉरंटीच संपवणं यात फरक आहे. तुमच्या कागदावर नेमके कोणते शब्द आहेत, यावर बरंच ठरेल. मेकॅनिककडे जाण्याआधीच वासाच्या नोंदी झाल्या होत्या, हा तुमचा भक्कम मुद्दा. मात्र काढलेला जुना पाइप कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो फेकला असेल तर हातचा पुरावा गेला. मेकॅनिककडे पडून असेल तर आजच घेऊन या.

वास येतो एवढं सांगून दोष सिद्ध होत नाही. तो कुठून येतो, हे स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून लेखी घ्या. वास कधी येतो यावरून त्याला दिशा मिळते. टाकी भरल्यावर येत असेल तर झाकणाचं सील, टाकीत पेट्रोल नेणारी नळी किंवा पेट्रोलची वाफ शोषणारा कॅनिस्टर तपासतात. थंड इंजिन सुरू करताना बॉनेटकडून आला तर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या), मागच्या सीटखालून आला तर पंपाचं सील. तुमचा अनुभव तारीखवार लिहून द्या. आयोगामार्फत तपासणी करवून घेण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. तसा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.

पण पुरावा जपायचा म्हणून गळती असलेली गाडी चालवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. थेंब दिसले तर गाडी सुरूच करू नका, बंद जागेत ठेवू नका, टो करून न्या. दुरुस्तीआधी कंपनी आणि विक्रेता दोघांना ईमेलने तपासणीची तारीख कळवून हजर राहायला सांगा. ते आले नाहीत तरी फोटो काढा आणि काढलेला भाग पिशवीत सीलबंद करून ठेवा.

तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा आणि निर्मितीदोष व सेवेतील त्रुटी दोन्ही मांडा. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. नवी गाडीच मिळेल, अशी आशा मात्र मी देणार नाही. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचंच कबूल केलेलं असेल तर तेवढ्यावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटार कंपनीच्या प्रकरणात म्हटलं आहे. मागणी करा, सोबत दुरुस्ती, खर्च आणि भरपाईही मागा.

तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि वर्षं जातात, याची मला मनापासून चीड येते. ग्राहकाला मात्र दोन वर्षांवर एक दिवस गेला तरी माफीचा अर्ज करावा लागतो.

पहिलं जॉब कार्ड आत्ता काढा आणि तारीख बघा. तुमचा ‘सहावा महिना’ अंदाजाने लिहिलेला असेल आणि कार्ड पाचव्या महिन्यातलं निघालं, तर इंजिनिअरच्या अहवालासाठीही थांबू नका. तक्रार याच आठवड्यात दाखल करा, अहवाल मागून जोडता येईल.