पाठ केलेले इंग्रजी शब्द वापरता का येत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, सध्या सोलापुरात पदवीचे शेवटचे वर्ष आणि पुढे कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा. रोज शब्दसूचीतले शब्द मराठी अर्थांसह पाठ करता, पण आठवड्याभरात त्यांतले बहुतेक विसरता आणि जे लक्षात राहतात ते निबंधात चुकीचे ठरतात. म्हणून तुम्ही आणखी मोठी सूची सुचवायला सांगितले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आपल्याच शहरात बरीच वर्षे इंग्रजी शिकवत असल्यामुळे मी ठामपणे सांगतो की सूची बदलून ही अडचण सुटणार नाही. तुम्ही शब्द एकेकटे भेटवून घेत आहात, आणि एकट्या शब्दाची ओळख टिकत नाही.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये असे मांडले की शब्द कळतो तो त्याच्या सोबतच्या शब्दांवरून. 'सँक्शन' हा शब्द पाहा. यंत्रमागासाठी कर्ज काढलेल्या कोणत्याही घरात 'लोन सँक्शन झाले' हे वाक्य ऐकू येते आणि तेथे त्याचा अर्थ मंजुरी असा असतो. पण वृत्तपत्रात एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादल्याची बातमी येते तेव्हा तोच शब्द निर्बंध सांगतो. सूचीत यांपैकी एकच अर्थ छापलेला असेल, तर दुसऱ्या ठिकाणी उतारा नेमका उलटा समजेल. 'मिटिगेट'समोर 'कमी करणे' एवढेच लिहिलेले असते, म्हणून विद्यार्थी घरखर्च आणि वजनही 'मिटिगेट' करून ठेवतात. प्रत्यक्षात हे क्रियापद धोका, हानी, दुष्परिणाम अशांच्याच संगतीत येते. त्यामुळे वहीत सुटा शब्द न लिहिता 'मिटिगेट द इम्पॅक्ट ऑफ ड्रॉट' असा पूर्ण तुकडा लिहावा. मराठी अर्थ लिहायला माझी हरकत नाही, मात्र तो त्या तुकड्याच्या खाली आणि त्या तुकड्यापुरताच लिहावा.

असे तुकडे मिळवण्यासाठी जो विषय तुम्हाला मराठीत नीट ठाऊक आहे तो इंग्रजीत वाचावा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला दुष्काळ, भूजल आणि उजनी धरणाचा पाणीसाठा कोणी समजावून सांगावा लागत नाही. या विषयावरचा इंग्रजी लेख वाचताना 'एरॅटिक रेनफॉल', 'डिप्लीटेड ग्राउंडवॉटर', 'स्केअर्स रिसोर्सेस' हे तुकडे समोर आले की अर्धा अर्थ वस्तुस्थितीच सांगते. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातील माळढोक पक्ष्याबद्दल वाचाल तेव्हा 'हॅबिटॅट' आणि 'क्रिटिकली एंडेंजर्ड' भेटतील. सोलापुरात जन्मलेल्या आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२ मध्ये निधन पावलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल वाचाल तेव्हा 'सेल्फलेस', 'रिव्हिअर्ड' आणि 'लेगसी' भेटतील. एका विषयावर चार-पाच वेगवेगळे लेख वाचावेत, कारण त्यांत तेच शब्द थोड्या निराळ्या संगतीत पुन्हा येतात आणि शब्दाचा आवाका त्या पुनरावृत्तीतूनच कळतो.

कोणते शब्द आधी घ्यावेत, यालाही आधार आहे. न्यूझीलंडमधील भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. अशा लेखनातील सुमारे १० टक्के शब्द या कुळांतले असतात. 'अ‍ॅनलाइझ', 'सिग्निफिकंट', 'कन्सिस्टंट' असे हे शब्द दिसायला साधे असले तरी दुर्मिळ, भारदस्त शब्दांच्या आधी ते पक्के झाले पाहिजेत.

शब्दांचे घटक ओळखण्याचा तुम्हाला विशेष फायदा होईल. आहार, विहार, प्रहार, संहार ही उपसर्गांची रचना तुम्ही शाळेतच शिकला आहात. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांची घडणही अशीच आहे. 'बेने' म्हणजे चांगले, 'मॅल' म्हणजे वाईट आणि 'व्होल' म्हणजे इच्छिणे हे कळले की 'बेनेव्होलंट' आणि 'मॅलेव्होलंट' वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. मात्र घटकांवरून केलेला अंदाज वाक्यात तपासून घ्यावा. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. आणि 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेल्या डब्याजवळ काडी ओढू नये, कारण त्यातला पदार्थ पेट घेणारा असतो.

विसरण्याचे म्हणाल, तर तो तुमच्या बुद्धीचा दोष मुळीच नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले की पाठ केलेल्याचे सर्वाधिक विस्मरण सुरुवातीच्या काळात होते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या करा. पुढच्या बाजूला गाळलेल्या शब्दाचे वाक्य आणि मागच्या बाजूला तो शब्द लिहा. आठवलेली चिठ्ठी अधिक दिवसांनी पाहायच्या कप्प्यात टाका आणि न आठवलेली पुन्हा रोजच्या कप्प्यात आणा. विज्ञानविषयक लेखक सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली ही पद्धत चपलेच्या रिकाम्या खोक्यातही उत्तम चालते. उत्तर पाहण्यापूर्वी स्मरणाला खरोखर ताण द्या, कारण नुसते वाचून मान डोलावल्याने काहीच पक्के होत नाही.

कोश मात्र परकीय विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजीच वापरा. असे कोश मर्यादित, सोप्या शब्दांत अर्थ सांगतात आणि प्रत्येक अर्थाला उदाहरण देतात. त्यांच्या आवृत्त्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात.

आता तुमच्या परीक्षेपुरते सांगतो. तेथील समानार्थी, विरुद्धार्थी आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द या प्रश्नांत शब्द ओळखायचा असतो, वापरायचा नसतो. यासाठी मागील प्रश्नपत्रिकांतील शब्द आणि तुमच्याजवळची सूची पुरेशी आहे. नवी सूची विकत घेऊ नका. उताऱ्यावरील प्रश्नांसाठी आणि तुमच्या एरवीच्या निबंधलेखनासाठी मात्र आजच दुष्काळावरचा एक इंग्रजी लेख घ्या, त्यातून पाच तुकडे वहीत उतरवा आणि त्या तुकड्यांवर स्वतः रचलेली वाक्ये येथे लिहा. मी ती तपासून देईन.