‘नोस्फेरातू’ला हात लावायलाच नको होता का?

रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेरातू’ २५ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेत लागला आणि तेव्हापासून व्हॅम्पायरपटांच्या चाहत्यांमधे जे दोन तट पडलेत ते अजून काही मिटायचं नाव घेत नाहीत. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न यावरच होते, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मूळ सिनेमा १९२२ चा जर्मन मूकपट, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ. घरांच्या दलालाकडे कामाला असलेला हुटर नावाचा तरुण व्यवहारासाठी ट्रान्सिल्व्हेनियात काउंट ऑरलॉककडे जातो, तो काउंट पिशाच्च निघतो, जहाजातून हुटरच्या गावी येतो, त्याच्या मागोमाग उंदीर आणि प्लेग येतो, आणि शेवटी हुटरची बायको एलेन स्वतःचा जीव देऊन त्याला संपवते. १९७९ मधे वेर्नर हेरझोगने तो पुन्हा केला, आणि आता हा एगर्सचा. पुढे सगळं उघड बोललेलं आहे, शेवटासकट, तेव्हा सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.

प्रश्न : मी जुन्या ‘नोस्फेरातू’चा चाहता आहे, किती वेळा बघितलाय याचा हिशोब नाही. मला कळत नाही की जी गोष्ट पूर्ण आहे तिला परत कशाला हात लावायचा? नवीन पिढी आता हाच खरा समजणार आणि मुर्नाउ विसरला जाणार. वाईट वाटतं हो.

तुमचं वाईट वाटणं मला अगदी कळतं. आपण ज्या सिनेमावर जीव लावलेला असतो त्याचं नाव दुसऱ्याच पोस्टरवर बघताना पोटात काहीतरी हलतंच. पण तुम्ही ज्याला पूर्ण म्हणताय तो सिनेमा स्वतः कसा जन्मला आणि कसा वाचला ते एकदा आठवून बघा. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. प्राना फिल्म या कंपनीने तिचे हक्क न घेताच सिनेमा केला, नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, लंडनऐवजी जर्मन गाव आणलं, आणि तरी सिनेमाच्या सुरुवातीला कादंबरीचं नाव दिलेलं होतंच. स्टोकरची विधवा पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेली. कंपनीचं तोवर दिवाळं निघालेलं, त्यामुळे पैसे मिळायची आशा नव्हती, मग १९२५ मधे कोर्टाने आदेश दिला की सगळ्या प्रती नष्ट करा. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने हा सिनेमा आज असायलाच नको होता! तो आहे, कारण काही प्रती तोवर इतर देशांत पोचल्या होत्या आणि त्या कोर्टाच्या हाती लागल्या नाहीत, मग त्या प्रतींच्या प्रती निघाल्या, कापलेल्या, बदललेल्या, संवादांच्या पाट्या वेगळ्या असलेल्या, आणि त्या तुकड्यांतून पुढे लोकांनी तो परत जोडला.

तर ज्या सिनेमाचा जीवच एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत उडी मारत टिकलाय त्याच्याबद्दल ‘हात लावू नका’ म्हणणं मला पटत नाही. नवीन आवडला नाही असं खुशाल म्हणा, त्याची कारणं मीही खाली देणार आहे. पण मुर्नाउ विसरला जाईल ही भीती काढून टाका. मला याच सदरात आत्तापर्यंत मूकपटावर इतके प्रश्न कधीच आले नव्हते जितके या रिमेकनंतर आले.

प्रश्न : मिशी!! ऑरलॉकला मिशी कोणी लावली? टकला, उंदरासारखे दात, लांब नखं, हा ऑरलॉक. हा नवीन तर कुठलातरी जुना सरदार वाटतो. अर्धा सिनेमा मी मिशीकडेच बघत बसलो.

मिशीवर एकूण सहा प्रश्न आले, सगळ्यांना मिळून हे एकच उत्तर.

आधी हे कबूल करते की जुन्या सिनेमात ऑरलॉक झालेल्या माक्स श्रेकचा चेहरा एकदा डोक्यात बसला की निघत नाही. ते टोकदार कान, पुढचे दोन दात, अंगाला चिकटलेले हात, जहाजाच्या डेकवर उभा राहिलेला तो सरळसोट आकार. त्यामुळे धक्का बसणं साहजिक आहे, त्यात स्टुडिओने प्रदर्शनाआधी नव्या ऑरलॉकचा, बिल स्कार्सगार्डचा, चेहरा लपवूनच ठेवला होता, म्हणजे उत्सुकता ताणली गेली आणि मग समोर आली ती मिशी.

पण मिशी एगर्सने हवेतून आणलेली नाही. स्टोकरच्या कादंबरीत काउंट पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा तो उंच म्हातारा आहे, दाढी केलेला, आणि लांब पांढरी मिशी असलेला. ती गायब झाली ती मुर्नाउच्या सिनेमात, म्हणजे मिशी काढणं हाच खरं तर बदल होता. आणि एगर्सचं म्हणणं सरळ आहे की त्या भागातला त्या काळचा उमराव मिशीशिवाय असणारच नाही. त्याला सिनेमातलं व्हॅम्पायर नकोच होतं, लोककथेतलं पिशाच्च हवं होतं, म्हणजे मेलेला माणूस, ज्याचं अंग सडतंय आणि तरी तो उठून चालतोय. म्हणून तो गळ्याला न चावता छातीला तोंड लावतो, म्हणून त्याचा श्वास एवढा घरघरतो. आवाज खाली नेण्यासाठी स्कार्सगार्डने ऑपेरा गायिकेकडे तालीम केली, आणि काही ठिकाणी तो जी भाषा बोलतो ती डेशियन, कधीच मेलेली, ती सिनेमासाठी नव्याने बांधली. एवढं सगळं एका अंगाने जातंय, त्यात मिशी बसते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा ऑरलॉक फार बोलतो. श्रेकचा ऑरलॉक नुसता बघतो. हुटरचं बोट सुरीने कापतं, रक्त येतं आणि तो टेबलाच्या पलीकडून ज्या तऱ्हेने पुढे सरकतो त्यात मूकपट असूनसुद्धा मला दर वेळी काहीतरी ऐकू येतं. नवीनमधे तो करार, अटी, किती रात्री उरल्या, सगळं सांगत बसतो आणि ते खोल आवाजात असलं तरी सांगणंच आहे.

प्रश्न : घरी टीव्हीवर लावला तर नुसता काळोख. यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं? काहीच दिसत नाही.

मिळालं हो, चार नामांकनं मिळाली, छायाचित्रण, कला-दिग्दर्शन, वेशभूषा आणि मेकअप-केशभूषा, पुरस्कार मात्र एकही नाही. छायाचित्रकार जॅरिन ब्लॅश्के, त्याने हा ३५ एमएम फिल्मवर शूट केलाय. चांदण्यातल्या दृश्यांसाठी असा फिल्टर वापरला की लाल-पिवळा रंग जवळजवळ निघूनच जातो आणि उरतो तो चंदेरी राखाडी. मेणबत्ती असेल तिथे ऊब आणि ती सोडली की राख, हा खेळ पूर्ण सिनेमाभर आहे. तेव्हा खोलीतले सगळे दिवे बंद करा, टीव्हीच्या सेटिंगमधे सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड असेल तो लावा, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही चालू असेल ते बंद करा, आणि दुपारी तर लावूच नका.

हे लिहिताना आठवलं ते सांगते. मी जुना ‘नोस्फेरातू’ पहिल्यांदा बघितला तो एका वाईट प्रतीत, नुसती काळी-पांढरी. त्यात ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून चाललाय, आणि चक्क उजेडात! मला वाटलं एवढी मोठी चूक, जो उन्हाने मरणार तो उन्हात कसा फिरतोय? पुढे कितीतरी वर्षांनी रंग दिलेली, नीट केलेली प्रत बघायला मिळाली आणि तोच प्रसंग पूर्ण निळा होता. त्या काळी रात्री शूट करणं अवघड, म्हणून दिवसा शूट करायचे आणि फिल्मच निळ्या रंगात बुडवायची, निळं म्हणजे रात्र हे प्रेक्षकाला कळायचं. माझ्या प्रतीतली रात्रच कोणीतरी धुऊन टाकली होती. एकाने रंग ओतून रात्र केली आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याने रंग काढून घेऊन, हे मला फार आवडलं.

आणि हो, उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे कादंबरीत नाहीच, तिथे ड्रॅक्युला दिवसा लंडनमधे फिरतो, फक्त ताकद कमी झालेली असते. उन्हात विरून जाणं हे १९२२ च्या सिनेमाने आणलं. ज्याला आज सगळे व्हॅम्पायरचा नियम म्हणतात ती एका नक्कल म्हणून बदनाम झालेल्या सिनेमाची देणगी आहे.

प्रश्न : मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमधे एलेनवरून जोरदार भांडण झालं. एक मैत्रीण म्हणते ऑरलॉक म्हणजे तिचं लहानपणापासून शोषण करणारा माणूस. दुसरी म्हणते नाही, ती एलेनचीच दाबलेली इच्छा आहे आणि शेवटी ती स्वतः निवडते. तुम्हाला काय वाटतं?

तुझ्या ग्रुपमधे झालं तेच भांडण जगभरच्या चाहत्यांत चालू आहे, आणि या सिनेमावर भांडायचं असेल तर मिशीपेक्षा यावर भांडावं असं माझं मत आहे.

जुन्या सिनेमातली एलेन आठव. नवऱ्याने सांगितलंय की व्हॅम्पायरांवरचं पुस्तक वाचू नकोस, ती वाचते, त्यात लिहिलेलं असतं की निष्पाप स्त्रीने त्याला कोंबडा आरवेपर्यंत अडकवून ठेवलं तर तो मरेल. ती खिडकी उघडते. जिन्यावरून सावली चढते, लांब बोटांची, आणि मग त्या हाताची सावली तिच्या पांढऱ्या कपड्यांवरून सरकत वर येते आणि हृदयाच्या जागी मूठ आवळते. बास, तिला कोणी विचारत नाही की तुला काय वाटतं, ती निष्पाप आहे आणि तिने मरायचंय.

एगर्सने सिनेमाची सुरुवातच एलेनपासून केली. एकटी पडलेली अगदी तरुण मुलगी, कोणीतरी यावं म्हणून प्रार्थना करते आणि तिच्या हाकेला उत्तर देतो तो ऑरलॉक. म्हणजे पहिल्या मिनिटातच निष्पाप हा शब्द त्याने बाजूला काढला. आता, एकटं पोर हाक मारतं आणि येतो तो एक शिकारी, तर त्यात पोराचा दोष काय? म्हणून तुझी पहिली मैत्रीण मला जास्त पटते. आजूबाजूची माणसं एलेनशी कशी वागतात ते बघ, डॉक्टर कॉर्सेट घट्ट करायला सांगतो, ईथर देतो, बांधून ठेवतात, नवरा चांगला आहे पण ऐकून घेत नाही, तिचं स्वप्न ऐकून म्हणतो असं पुन्हा बोलू नकोस. तिच्यावर काय झालंय ते खरं मानणारा एकच माणूस येतो, तो प्रोफेसर, आणि तो येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पण दुसरी मैत्रीण चुकीची आहे असंही म्हणवत नाही. एलेनला स्वतःचीच लाज वाटते, आणि सिनेमा त्या लाजेला खोटं ठरवत नाही, ती लाज तिच्या अंगात येते. एलेन झालेल्या लिली-रोझ डेपने ते शरीराने केलंय, जपानी बुतो नृत्याचा अभ्यास करून. पाठ मागे वळते, डोळे पांढरे होतात, जीभ बाहेर. काही जणांनी मला लिहिलंय की हे अति झालं. मला नाही वाटलं. ज्या बाईला बोलू दिलं जात नाही तिचं अंग बोलणारच ना.

शेवट मला अजून टोचतो, ते मात्र सांगते. लायलॅकची फुलं, एलेनवर पडलेलं ऑरलॉकचं ते वाळकं प्रेत, वरून घेतलेला शॉट, बघताना श्वास अडकतो एवढा सुंदर आहे. पण शंभर वर्षांत हे तीन सिनेमे झाले आणि तिन्ही वेळा गाव वाचवायला मरायचं ते तिनेच. एगर्सने तिला एवढा आवाज दिला, मग एक वेगळी वाट द्यायची हिंमत का नाही केली? हेरझोगने निदान एवढं तरी केलं की तिचं मरण फुकट गेलेलं दाखवलं, नवराच नवा व्हॅम्पायर होऊन घोड्यावर बसून निघून जातो. हे तुमच्या ग्रुपमधे मांड आणि काय उत्तर येतं ते मला कळव.

प्रश्न : मला अजिबात भीती वाटली नाही. दचकवणारे सीन मोजके. हा हॉररपट आहे का?

दचकणं आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी मानते. बर्फातला तो चौरस्ता परत बघा, हुटर रात्री एकटा उभा, घोडागाडी येते, हाकणारा कोणी नाही, दार आपोआप उघडतं आणि तो पाय न उचलता आत ओढला जातो. मुर्नाउने हाच प्रवास वेग वाढवून आणि निगेटिव्ह फिल्म दाखवून केला होता, झाडं पांढरी. दोन्ही ठिकाणी कोणी दचकवत नाही, फक्त कळतं की आता परत फिरता येणार नाही. तरीही भीती नाही वाटली तर नाही वाटली, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रश्न : विलेम डफोला बघून आमच्या इथे एक जण ओरडलाच. काय विशेष?

विशेष आहेच. २००० साली आलेल्या ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’मधे जुन्या ‘नोस्फेरातू’च्या शूटिंगचीच कल्पित गोष्ट होती आणि त्यात डफोने माक्स श्रेक केला होता, खरोखरचा व्हॅम्पायर असलेला श्रेक, त्यासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. तोच माणूस इथे व्हॅम्पायर मारायला आलेला प्रोफेसर, आणि त्याचं पहिलं नाव आल्बिन. मूळ सिनेमाचा निर्माता आणि कला-दिग्दर्शक होता आल्बिन ग्राऊ. चाहता असेल तर ओरडणारच.

प्रश्न : मी तिन्हीपैकी एकही पाहिला नाही. कुठून सुरू करू?

१९२२ पासून. मग एगर्स, आणि हेरझोग शेवटी, कारण क्लाउस किन्स्कीचा व्हॅम्पायर एवढा थकलेला आणि दुःखी आहे की त्याआधी तुम्हाला व्हॅम्पायरची भीती वाटून झालेली असली पाहिजे. मूकपट घेताना रंग दिलेली प्रत आहे ना ते बघा, रात्र निळी दिसली पाहिजे. आणि संगीत आवडलं नाही तर सिनेमा सोडू नका, प्रत बदला. हान्स एर्डमानचं मूळ संगीत बरंचसं हरवलंय, त्यामुळे कुठे ऑर्गन आहे, कुठे पूर्ण ऑर्केस्ट्रा, कुठे सिंथेसायझर. मला स्वतःला ऑर्केस्ट्रावाली प्रत आवडते, पण जिन्यावर सावली चढायला लागली की मी आवाज बंद करते.